बधिरपणा उतरण्याआधी

सकाळी दहाला ऑपरेशन होतं. मणक्यात दिलेल्या इंजेक्शनमुळे कमरेखालचा भाग बधिर असतो, म्हणून टेबलावर काहीच कळत नाही. दुपारी पायाची बोटं हलू लागतात, भेटायला आलेल्या पाहुण्यांशी बोलणं होतं, 'काहीच दुखत नाही, उगाच घाबरत होतो' असं गावाकडे फोनवर सांगूनही होतं. मग चारच्या पुढे ठणका सुरू होतो आणि सहा वाजेपर्यंत पेशंट कुशीवर वळून, पलंगाची कड धरून पडलेला असतो. जालन्यात काय किंवा अंबडला काय, मूळव्याधीचं ऑपरेशन झालं की त्या संध्याकाळी वॉर्डात हेच दिसतं. नातेवाइकांना वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. बधिरपणा उतरलेला असतो, आणि तो उतरण्याआधी पोटात जायला हवी होती ती गोळी गेलेली नसते.

मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं अवचित येत नाही. ते कधी येणार, किती दिवस राहणार आणि कशाने वाढणार, हे बरंचसं आधीच सांगता येतं. पहिला ठणका बधिरपणा उतरताना. दुसरा, आणि बहुतेकांच्या आठवणीत राहणारा, दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान पहिल्यांदा परसाकडे होताना. त्यानंतर आठ-दहा दिवस प्रत्येक वेळी शौचानंतर आग आणि कळा, मग हळूहळू उतार. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माणसं कामाला लागतात. जखम पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे लागतात. दुखणं इतकं ठरलेलं असेल तर त्याची तयारीही करता येते.

आपल्याकडे मात्र दुखणं अंगावर काढायची रीत आहे. 'ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच', 'गोळ्यांनी अंगात उष्णता होते', 'अजून सहन होतंय, लागली तर घेऊ' असं म्हणत माणूस दातओठ खाऊन पडून राहतो. या जखमेत तो सोशिकपणा महागात पडतो. दुखलं की गुदद्वार आवळून धरणारे स्नायू आणखी आवळतात. ते आवळले की जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि भरायला वेळ लागतो. दुखण्याच्या धास्तीने माणूस शौच रोखून धरतो, रोखलेला मळ वाळून त्याचा खडा होतो, आणि तो खडा उतरताना तीच जखम पुन्हा फाटते. म्हणून इथे वेदनाशामक गोळी ही सुखासाठी दिलेली सवलत नाही. जखम भरून येण्याच्या उपचाराचाच तो भाग आहे.

एवढीशी जागा इतकी का दुखावी, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. त्या रेषेच्या वर आतड्याचं अस्तर असतं. तिथल्या नसांना ताण आणि दाब कळतो, पण कापणं, टोचणं फारसं कळत नाही. रेषेच्या खाली मात्र त्वचाच असते आणि तिथे स्पर्श, उष्णता आणि वेदना नेणाऱ्या नसांचं दाट जाळं असतं. मूळव्याध सुरुवातीची असेल तर मोडाच्या मुळाशी रबराची बारीक रिंग चढवतात. ती रेषेच्या वर बसते म्हणून भूल न देताही चालतं. मोड बाहेर लोंबू लागले, हाताने आत ढकलावे लागू लागले, की ते कापून काढावे लागतात, आणि ती जखम रेषेच्या खालच्या त्वचेपर्यंत येते. शिवाय ही जखम झाकून, स्थिर ठेवून भरू देता येत नाही. तिच्यावरून रोज मळ जाणार, रोज ती ताणली जाणार.

आज जालन्यात होणाऱ्या उघड्या जखमेच्या ऑपरेशनची मूळ पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातली. मिलिगन आणि मॉर्गन यांनी तिचं वर्णन १९३७ साली प्रसिद्ध केलं. मोड कापायचे आणि जखम न शिवता आपोआप भरू द्यायची, ही त्यातली मुख्य गोष्ट. हे रुग्णालय फ्रेडरिक सामन नावाच्या सर्जनने १८३५ साली खास गुदविकारांसाठी सुरू केलं होतं. त्याच सामनने १८४१ मध्ये चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराचं भगंदराचं ऑपरेशन केलं, तेही भुलीशिवाय, कारण ईथरची भूल आली १८४६ मध्ये आणि मणक्यातली भूल त्याहून खूप उशिरा, १८९८ मध्ये, जर्मनीच्या ऑगस्ट बीअरमुळे. ऑपरेशनच्या टेबलावरच्या यातना विज्ञानाने शंभर वर्षांपूर्वीच संपवल्या. टेबलावरून उतरल्यानंतरच्या दिवसांकडे तितकं लक्ष द्यायला वैद्यकाला फार वेळ लागला.

'बिना टाका, बिना दुखणं' असं आश्वासन देणाऱ्या नव्या पद्धतींबद्दल दोन शब्द. स्टेपलरने केलेल्या ऑपरेशनमध्ये जखम रेषेच्या वर राहते, म्हणून पहिले काही आठवडे दुखणं कमी असतं, हे खरं आहे. पण ब्रिटनमधल्या ७७७ रुग्णांची दोन वर्षं तुलना करणारा मोठा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात पारंपरिक ऑपरेशन झालेल्यांची पुढची तब्येत अधिक चांगली राहिली आणि मूळव्याध परतण्याचं प्रमाणही कमी दिसलं. लेझरनंतरही दुखणं कमी असतं, पण मोठ्या, बाहेर आलेल्या मोडांसाठी ते प्रत्येक वेळी पुरेसं पडतं असं नाही. मोड कोणत्या अवस्थेतले आहेत हे पाहून सर्जनशी बोलून ठरवावं. बाजारपेठेच्या गल्लीत बोर्ड लावून 'एका इंजेक्शनात मूळव्याध बरी' म्हणणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नये. कशाचं आहे हे न कळणारं ते इंजेक्शन गुदद्वाराचं मांस कुजवू शकतं, आणि मग दुखणंही ऑपरेशनपेक्षा मोठं होतं आणि उपचारही.

आता गोळीकडे येऊ. दवाखान्यातून घरी जाताना हातात जो कागद मिळतो त्यावर १-०-१ किंवा १-१-१ असं लिहिलेलं असतं. घरातला कुणीतरी ते वाचतो आणि नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण या वेळा धरतो. रात्री आठची गोळी घेतली की पुढची सकाळी आठला. मधले बारा तास काहीच नाही. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास शरीरात वेदनाशामक उरलेलंच नसतं, आणि नेमक्या त्या वेळी पेशंट उठून बसतो. सकाळी घरचे म्हणतात, 'गोळ्यांचा काही उपयोगच नाही.' गोळीत काही कमी नसतं, वेळ चुकलेली असते. पहिले तीन-चार दिवस तरी गोळ्या घड्याळावर घ्याव्यात: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात औषध घड्याळाप्रमाणे द्यावं हे तत्त्व होतं, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांनाही ते तसंच लागू पडतं. डॉक्टरांना थेट विचारावं, 'रात्रीची गोळी किती वाजता?' त्यांनी सांगितलेला तास कागदावर लिहून घ्यावा आणि मोबाइलमध्ये गजर लावावा.

यातली पायाभूत गोळी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढीच. तिच्या जोडीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक यांपैकी एखादी सूज उतरवणारी गोळी देतात. दोन वेगळ्या मार्गांनी काम करणाऱ्या गोळ्या एकत्र घेतल्या की प्रत्येकीची कमी मात्रा पुरते. इथे एक धोका आहे. आपल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ॲसिक्लोफिनॅकच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. पेशंट ती घेतो, वर 'तापाची गोळी' म्हणून ६५० ची वेगळी घेतो, आणि दिवसाची मर्यादा नकळत ओलांडतो. पाकिटावरचं बारीक अक्षर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर त्या घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं. वैशाखात उन्हाने आटलेल्या शरीरावर, पुरेसं पाणी न पिता या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं.

दुखणं तरीही आवरत नसेल तर ट्रॅमाडॉल देतात. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दोन-तीन दिवसांपुरतं ते उपयोगी आहे, पण त्याने मळमळतं, गरगरतं आणि मुख्य म्हणजे बद्धकोष्ठ होतं. ज्या जखमेला मऊ शौच हवं, तिथे शौच घट्ट करणारं औषध जितकं कमी तितकं बरं. ते घ्यावंच लागलं तर शौच मऊ करणारं औषध त्याच दिवसापासून वाढवून घ्यावं.

संध्याकाळच्या त्या पहिल्या ठणक्यावर आणखी एक चांगला उपाय सर्जनच्या हातात असतो. ऑपरेशन चालू असतानाच गुदद्वाराकडे जाणाऱ्या प्युडेंडल नसेभोवती दोन्ही बाजूंनी लांब टिकणारं बधिरीचं औषध सोडता येतं. मणक्यातली भूल उतरली तरी हा भाग आणखी काही तास शांत राहतो, आणि तेवढ्यात तोंडावाटे घेतलेल्या गोळ्या काम करू लागतात. ऑपरेशनआधी सर्जनला याबद्दल विचारण्यात काहीच गैर नाही. माहितगार पेशंटचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

याच संध्याकाळी लघवी तुंबू शकते. मणक्यातल्या भुलीने मूत्राशयाला काही तास जाणीव नसते, वरून दुखण्याने ओटीपोटाचे स्नायू आवळलेले. 'मामा, लघवी झाली का?' असं सिस्टर दोन-दोनदा विचारतात ते उगाच नाही. पुरुषाला पलंगावर भांड्यात होत नसेल तर आधार देऊन उभं करावं, नळ सोडून पाण्याचा आवाज करावा, कोमट पाण्यात बसवावं. भूल उतरल्यावर सहा-आठ तासांत झाली नाही, पोट तटतटलं, तर तात्पुरती नळी घालून मूत्राशय मोकळं करावं लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्या एका गोष्टीने निम्मं दुखणं तिथल्या तिथे उतरल्याचं पेशंट सांगतात.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं मोठं दुखणं म्हणजे औरंगाबादचं घाटी रुग्णालय, हे समीकरण होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. मूळव्याधीचं ऑपरेशन मात्र पूर्वीपासून जिल्हा रुग्णालयात आणि शहरातल्या, तालुक्यातल्या खाजगी दवाखान्यांत होत आलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीही होते. याचा एक परिणाम नीट लक्षात घेतला जात नाही: सगळ्यात अवघड दिवस, म्हणजे पहिल्या शौचाचा दिवस, दवाखान्यात येतच नाही. तो मंठ्याच्या पुढच्या किंवा जाफराबादकडच्या गावात, घरी येतो, जिथे सिस्टर नाही आणि मेडिकल संध्याकाळी बंद होतं. म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या, मलम आणि शौच मऊ करणारं औषध जालन्यातूनच घेऊन निघावं. निघण्याआधी तासभर गोळी घ्यावी. साठेक किलोमीटर बसून जाण्यापेक्षा जीपच्या मागच्या सीटवर कुशीवर पडून गेलेलं बरं. मधे भोक असलेली रबरी रिंग अनेक जण विकत घेतात, पण तिच्यावर बसलं की गुदद्वाराचा भाग खाली लोंबतो आणि सूज वाढते, असं अनेक सर्जन सांगतात. साधी मऊ उशी चांगली.

आणि मग तो दिवस. पहिल्या शौचाच्या भीतीने पेशंट जेवण तोडतो. 'पोटात काही गेलंच नाही तर काही येणारही नाही' हा त्यामागचा हिशोब. घरचेही पथ्य म्हणून दूध-पाव, टोस्ट, साबुदाण्याची खिचडी, मऊ भात देतात. या सगळ्यात चोथा जवळजवळ नाही. तीन दिवसांनी थोडासाच, पण दगडासारखा मळ तयार होतो. खरं तर ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीपासूनच इसबगोल सुरू करायला हवं, म्हणजे आतडं त्या चालीला लागलेलं असतं. रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. त्यामागून पाणी गेलं नाही तर तेच इसबगोल आत लगदा होऊन अडकतं. डॉक्टर लॅक्ट्युलोजचं पातळ औषधही देतात. त्याचा असर दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून 'आज घेतलं, आज झालं नाही' म्हणून सोडून देऊ नये. एरंडेल किंवा जोराचं जुलाबाचं औषध मात्र नको; पाण्यासारखे जुलाब जखमेला खड्याइतकेच झोंबतात.

जेवणात आपली ज्वारीची भाकरी अगदी योग्य आहे. सोबत मुगाचं पातळ वरण, पालक, मेथी, दुधी, पिकलेली पपई. आणि जालन्याच्या माणसाला मोसंबीबद्दल वेगळं सांगावं लागतं. दारात बाग, म्हणून पेशंटला रसावर रस पाजला जातो. रसात पाणी आणि साखर मिळते, चोथा गाळणीत राहतो. मोसंबी सोलून, फोडींवरच्या पातळ पांढऱ्या सालीसकट चावून खाल्ली तर तिचा खरा उपयोग होतो. मधुमेह असेल तर रसाऐवजी फोडी खाणं आणखीच शहाणपणाचं.

तिखटाचा प्रश्न आपल्याकडे फार जिव्हाळ्याचा. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. ठेच्याशिवाय भाकरीचा घास उतरत नाही अशी घरं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. मिरचीने मूळव्याध होते का, यावर इटलीतल्या बारी इथल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मूळव्याध असलेल्या रुग्णांना त्यांनी मिरचीची पूड दिली आणि त्रास वाढल्याचं आढळलं नाही. पण ऑपरेशननंतरच्या ताज्या जखमेचं काय? तो प्रश्न आपल्याच राज्यात तपासला गेला. नागपूरचे सर्जन डॉ. प्रवीण गुप्ता यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर चाचणी केली. कुणाच्या वाट्याला तिखट आलं हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिखट घेतलेल्यांना दुखणं आणि आग अधिक होती. याचं कारणही आता चांगलं समजलं आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन सगळंच्या सगळं पचून जात नाही, काही भाग शौचातून बाहेर पडतो. आणि आपल्या वेदनेच्या नसांवर जो ग्राहक साधारण ४३ अंशांच्या वरचा चटका ओळखतो, तोच कॅप्सायसिनलाही ओळखतो. म्हणजे आग होते ती त्या नसांच्या दृष्टीने खरोखरच चटक्यासारखी असते. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. तेव्हा ठेचा जन्मभर सोडायची गरज नाही, पण जखम भरेपर्यंत, महिनाभर तरी, तो ताटात नको.

याच नागपूरच्या डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या टबाचीही परीक्षा घेतली, आणि तिथे निकाल अनपेक्षित आला. टबात बसणं हा जगभर पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा उपाय. सुश्रुतसंहितेतही अर्शावर अवगाहाचा, म्हणजे औषधी पाण्यात बसण्याचा उल्लेख आहे. गुप्ता यांच्या २००८च्या अभ्यासात मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर टबाने दुखणं मोजण्याइतकं कमी झाल्याचं दिसलं नाही. दुसरीकडे, कोमट पाण्यात गुदद्वाराच्या स्नायूचा ताण सैल होतो हे दाब मोजून दाखवणारे अभ्यास आहेत, आणि बसल्यावर बरं वाटतं असं पेशंट स्वतः सांगतात. मला यातून जे योग्य वाटतं ते असं: टबात जरूर बसावं, पण टब आहे म्हणून गोळी चुकवू नये. शौचानंतर आणि आणखी एक-दोन वेळा, दहा-पंधरा मिनिटं, बस्स. तासन्‌तास बसलं तर कातडी भिजून पांढरी पडते आणि चिघळते.

घरी हे कसं करायचं? प्लॅस्टिकचा पसरट टब किंवा मोठं घंगाळं मोरीत किंवा खाटेशेजारी ठेवावं. पाणी कमरेपर्यंत नको, बैठक बुडेल इतकं पुरे. कोपर बुडवून पाहावं. कोपराला सुखाचं वाटेल तेवढंच गरम. मधुमेहाच्या जुन्या पेशंटच्या कातडीला चटका कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी पाणी दुसऱ्याने तपासावं. लाल औषधाचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, खडे बरेच लोक चमचाभर टाकतात आणि पाणी जांभळं गडद करतात. तेवढ्या तीव्र पाण्याने ताजी जखम भाजते. डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर पाणी जेमतेम गुलाबी दिसेल एवढंच. नाहीतर साधं स्वच्छ पाणी उत्तम. बसवताना आणि उठवताना हाताला धरावं, कारण गरम पाण्यात रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. शेवटी जागा घासून पुसू नये, मऊ सुती कापड नुसतं टेकवावं.

मलमांचं काम आणखी बारीक आहे. लिग्नोकेनची जेली वरची कातडी थोडा वेळ बधिर करते. शौचाला जाण्याआधी पाच-दहा मिनिटं लावली तर पहिली कळ बोथट होते. डिल्टिआझेमचं २ टक्क्यांचं मलम आतल्या स्नायूची आवळ सैल करतं. नायट्रोग्लिसरीनचं मलमही तेच करतं, पण त्याने डोकं फार दुखतं. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशकाने दुखणं कमी होतं, असं सेंट मार्क्सच्याच डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. पुढे तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांबाबत निकाल संमिश्र आले, मलमाबाबत जास्त चांगले आहेत. बोटाच्या पेरावर वाटाण्याएवढं मलम घेऊन कडेला हलकेच लावायचं. आत खोलवर बोट घालायचं नाही. शेजाऱ्याने दिलेली 'मूळव्याधीची ट्यूब' तर लावूच नये, त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि ते जखम भरू देत नाही.

परसाकडे बसताना कुंथू नये. कळ आली की लगेच जावं, पाच मिनिटांत उठावं, मोबाइल बाहेर ठेवावा. उकिडवं बसणं आपल्या सवयीचं आहे आणि मळ उतरायला सोपंही आहे, पण गुडघे धरत असतील तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची घ्यावी आणि पायाखाली पाट ठेवावा. थोडं रक्त दिसेल, त्याला घाबरू नये.

बाईच्या वाट्याला हे सगळं जास्त अवघड येतं, आणि दवाखान्यातल्या कागदावर त्यासाठी ओळ नसते. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात ती पाणी मोजून पिते. संडास बांधलेला असला तरी त्यात पाणी आत नेऊन ओतायचं काम तिचंच. दिवसा बाहेर जाता येत नाही म्हणून कळ दाबून ठेवायची सवय लहानपणापासूनची, आणि कितीतरी जणींच्या मूळव्याधीचं मूळच तिथे असतं. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या त्याची छायाचित्रं सगळीकडे छापून आली. बायकांनी किती पाणी कमी प्यायलं याची कुठे नोंद नाही. ऑपरेशननंतर तिला दिवसाला आठ-दहा पेले पाणी, टबासाठी दोन-तीन वेळा कोमट पाणी, दार लावून बसायला पंधरा मिनिटांचा एकांत आणि हंडा न उचलण्याची दोन-तीन आठवड्यांची मुभा लागते. हे तिने मागायचं नाही. ऑपरेशनची तारीख घेताना नवऱ्याने आणि सासूने हे आधी ठरवायचं. बाळ अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, कारण त्याप्रमाणे गोळ्या बदलतात. आणि तारीख निवडता येत असेल तर कापसाच्या वेचणीच्या हंगामात ती घेऊच नये. वेचणीच्या दिवसांत घरी पडून राहू देणारं घर विरळा.

ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर जाणारं दुखणं मात्र वेगळं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते कमी होण्याऐवजी वाढत चाललं, थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, पू येऊ लागला, तर खोलवर संसर्ग झाल्याची शक्यता असते. यांपैकी काहीही दिसलं तरी त्याच रात्री दवाखाना गाठावा. सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान कधीकधी जखमेतून उशिराचा रक्तस्राव होतो. शौचासोबतचे थेंब निराळे. गुठळ्या पडू लागल्या, कपडा पुन्हापुन्हा भिजू लागला किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ला फोन करावा, आणि फोनवर एवढं नीट सांगावं: मूळव्याधीचं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणत्या दवाखान्यात, रक्त किती वाजल्यापासून, लघवी शेवटची कधी झाली, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. निघताना औषधांचा कागद आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्यावीत.